पावडरीचं पाणी

बाईसाहेबांना पोहायला जायचं असलं की मुक्ताबाईचं काम तासभर आधी सुरू व्हायचं. न्हाणीघरातल्या पाटावर त्यांना बसवायचं, केस मोकळे सोडायचे आणि आडाच्या गोड्या पाण्याच्या दोन बादल्या अशा ओतायच्या की मुळापासून शेंड्यापर्यंत एक बट कोरडी राहू नये. कोरडा केस पोहायच्या हौदातलं पावडरीचं पाणी पिऊन घेतो, आधीच भिजलेला पीत नाही, हे बाईसाहेब मुंबईच्या कुठल्याशा क्लबात शिकून आल्या होत्या. मग ओल्या केसांना खोबरेल, घट्ट वेणी, वेणीचा अंबाडा आणि त्यावर रबराची टोपी. हातापायांना, मानेला, कानांच्या मागे तेलाचा हात. पोहून वर आल्या की अंग पुसायच्या आधी पुन्हा गोडं पाणी, शिकेकाई, आणि साय घातलेलं डाळीचं पीठ. तीन उन्हाळे मुक्ताबाई हे करत होती आणि बाईसाहेबांचे केस अजून कमरेखाली, काळेभोर होते. पाहुण्या बायका विचारायच्या तेव्हा बाईसाहेब हसून म्हणायच्या, "सगळी आमच्या मुक्ताची कमाल." मुक्ताबाईला ते आवडायचं. का आवडू नये?

ती मळवलीची. चाळिशीची, विधवा, दिराच्या घरात भाताच्या लावणीपुरती हवी असलेली. शिमगा झाला की बंगला उघडायचा आणि ती लोणावळ्याला येऊन मागच्या नोकरांच्या खोल्यांत राहायची, पाऊस लागेपर्यंत. बंगला तुंगार्लीच्या अंगाला होता. साहेब मुंबईहून शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. बाकी सगळा कारभार दिवाणजींचा.

हौदात पावडर पडायची सोमवारी आणि गुरुवारी. पटकीच्या साथीत विहिरीत टाकतात तीच पांढरी ब्लीचिंग पावडर. पत्र्याचा डबा उघडला की वास बागेच्या फाटकापर्यंत जायचा आणि नथू माळ्याला ठसका लागायचा. पावडर पडली की त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी हौदाच्या पायरीला पाय लावायचा नाही, असा बाईसाहेबांचा कडक नियम होता. हौदाच्या काठाला लाकडी पाटीही टांगलेली असायची.

तो नियम घरच्या माणसांना होता. पावडर पाण्यात मिसळायची ती बायाने.

बाया ठाकरवाडीची, वीस-बावीस वर्षांची. नवरा शिदू लाकडं तोडायचा. ती आली होती बागेतलं गवत काढायला, पण इंद्रायणीच्या डोहात लहानपणापासून बुड्या मारलेली पोर पाण्यात माशासारखी चालते हे दिवाणजींच्या लक्षात आलं. यंदाच्या, एकोणीसशे एकोणचाळीसच्या, शिमग्यापासून त्यांनी तिला हौदाचं काम दिलं. गोणपाटाच्या पिशवीत पावडर भरायची, पिशवी दोरीनं बायाच्या कमरेला बांधायची आणि तिनं हौदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहत राहायचं. पिशवी मागून ओढली जायची, पाणी दुधाळ व्हायचं, मग हळूहळू निवळायचं. पिशवी रिकामी झाली की बाया वर यायची, ओल्या लुगड्यानं मागच्या ओढ्याकडे जायची. आडाचं पाणी तिला नव्हतं. तो आड स्वयंपाकघराचा, आणि बाया ठाकरीण.

मुक्ताबाईनं हे पाहिलं नव्हतं असं नाही. पण पाहणं आणि लक्षात घेणं यात फरक असतो. बायाचे डोळे कायम लाल असायचे, तेव्हा तिला वाटायचं चुलीच्या धुरानं असतील. बाया डोक्यावरचा पदर हलू द्यायची नाही, तेव्हा वाटायचं लाजते. वैशाख लागला त्या सुमारास एकदा बाया न्हाणीघराच्या मागच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली,

"मावशी, थेंबभर त्याल द्याल का? डोकं लय खाजतंय."

"बाईसाहेबांचं हाय ते. मी कसं देऊ?"

"बाटलीच्या तळाला ऱ्हायलेलं चालंल."

"न्हाई म्हनलं ना. आनि तुमच्या वाडीत डोकं इंचरायची रीत तरी हाय का?"

बाया निघून गेली. मुक्ताबाईनं बाटलीला बूच लावलं आणि फडताळात ठेवली.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईचे पाहुणे यायचे होते. आठ-दहा माणसं, सगळी पोहणारी. साहेब त्या शनिवारी मुंबईतच राहणार होते. हौदाचं पाणी उन्हानं जरा हिरवट दिसू लागलं होतं. दिवाणजींनी गुरुवारी नेहमीची पावडर टाकून घेतली आणि पाणी चकचकीत दिसेना म्हणून शनिवारी सकाळी पुन्हा टाकली, दुप्पट. बाया दोन पिशव्या ओढत दीड तास पाण्यात होती. पाहुणे दुपारच्या गाडीनं येणार म्हणून काठाची पाटीही दिवाणजींनी काढून ठेवायला लावली. पाटी बरी दिसत नाही म्हणे.

आणि संध्याकाळी, पाहुणे चहा घेत असताना, बाईसाहेबांची सोळा वर्षांची मुलगी धावत गेली आणि तिनं हौदात उडी टाकली. ना टोपी, ना तेल, ना गोडं पाणी. दहा-बारा मिनिटं डुंबली असेल. बाहेर आली ती डोळे चोळत, आणि मग किंचाळतच. डोळे उघडेनात, मानेवर आणि काखेत लाल चट्टे उठले, खोकला थांबेना.

बंगल्यात पळापळ झाली. बाजारातल्या डॉक्टरांना बोलावणं गेलं. ते येईपर्यंत बाईसाहेबांनी सगळा राग मुक्ताबाईवर काढला.

"तेल का नाही लावलंस तिला?"

"मला कुनी सांगितलं न्हाई बाईसाहेब, ताईसाहेब न्हाणीघरात आल्याच न्हाईत."

"तुझं लक्ष असायला नको? एवढं एकच काम आहे तुला!"

डॉक्टर आले. त्यांनी डोळे धुतले, चट्टे पाहिले आणि हौदाकडे जाऊन पाण्याचा वास घेतला. मग ते दिवाणजींवर ओरडले. "एवढ्या पावडरीत माणूस उतरवता? कातडी भाजते ही! केस गळतात. फुप्फुसाला सूज येते. पावडर टाकल्यावर दोन दिवस कुणीही, कुणीही म्हणतो मी, या पाण्यात पाय घालायचा नाही." मुलीला अर्धा तास सलग गोड्या पाण्यानं धुवा, मग अंगाला तेल लावा, केस दोनदा शिकेकाईनं धुवा, रात्री उशीजवळ खिडकी उघडी ठेवा, असं सांगून ते गेले.

मुक्ताबाई आडावरून पाणी आणत राहिली. बादलीमागून बादली. ताईसाहेब हुंदके देत बसली होती, बाईसाहेब स्वतः तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, पाहुण्या बायका दारात उभ्या राहून चक् चक् करत होत्या. "केवढीशी पोर! केवढा त्रास!" दहा-बारा मिनिटं, मुक्ताबाईच्या डोक्यात आलं. दहा-बारा मिनिटं होती ही पाण्यात.

तिनं बादली आडाच्या काठावर तशीच ठेवली आणि ती नोकरांच्या खोल्यांमागच्या ओढ्याकडे गेली.

उन्हाळ्यात ओढ्याला पाणी कसलं, खडकाच्या खळग्यात साचलेलं तेवढंच. बाया तिथं पालथी पडून तोंड पाण्यात बुडवत होती, वर काढून खोकत होती, पुन्हा बुडवत होती.

"बाया, डोक्यावरला पदर काढ."

"कशाला?"

"काढ म्हनते ना."

बायानं काढला नाही, तेव्हा मुक्ताबाईनंच काढला. बायाचे केस शिमग्याला तिनं पाहिले होते, दोन हातांत न मावणारा बुचडा होता. आता वाळलेल्या गवतासारखे, तांबूस, जागोजागी तुटलेले होते. मुक्ताबाईनं नुसता हात फिरवला तर मूठभर हातात आले. कानामागची कातडी सोललेली होती. लुगड्याची गाठ जरा सैल केली तर कमरेभोवती, जिथं दोरी बसायची आणि पिशवी घासायची, तिथं चार बोटं रुंद पट्टा ओला, लाल होता.

"कदीपास्नं हाय ह्ये?"

"महिना झाला आसंल."

"कुनाला सांगितलंस?"

"दिवाणजीला. ते म्हनले, जंगलातली कातडी तुमची, काटंकुटं खाती, पावडरीनं काय हुतंय." बाया खोकली. मग तिनं मुक्ताबाईकडे सरळ पाहिलं. "आनि तुमाला. तुमच्याकडं त्याल मागाया आलते."

मुक्ताबाईच्या तोंडावर कुणी हात मारला असता तरी तिला एवढं लागलं नसतं. राग आला, पण पहिला राग कुणाचा हे तिला ठाऊक होतं. जिला तेल कशाला लावतात ते तीन वर्षं रोज कळत होतं, तिनंच नाही म्हटलं होतं.

तिनं बायाला दंडाला धरून उठवलं आणि सरळ आडावर आणलं. स्वयंपाकघराच्या आडावर, सगळ्यांच्या देखत. पाट मांडला. त्यावर बायाला बसवलं आणि पोहरा आडात सोडला.

"मावशी, नको. बघतील."

"बघू दे. बघायलाच आनलंय."

एक बादली, दोन, पाच. बायाचे डोळे तिनं पदराच्या टोकानं पुसले, पुन्हा पाणी सोडलं. मग न्हाणीघरातून बाईसाहेबांची खोबरेलाची बाटली आणली आणि बायाच्या डोक्यावर अर्धी रिकामी केली. कमरेला हात लावला तेव्हा बाया किंचाळली. ते ऐकून दिवाणजी धावत आले.

"मुक्ताबाई! हे काय चाललंय? ठाकरणीला आडावर घेतलीस? आणि ते तेल कुणाचं?"

"बाईसाहेबांचं."

"कुणाला विचारून?"

"डॉक्टरला इचारून. तुमच्याम्होरंच म्हनला ना त्यो? गोडं पानी, त्याल, आनि दोन दिस कुनी पान्यात जायाचं न्हाई. कुनी म्हंजी कुनी."

"ते घरच्यांसाठी सांगितलं. ही काय ताईसाहेब आहे?"

मुक्ताबाई उभी राहिली. हौदाच्या बाजूला सकाळची पिशवी पडली होती, तळाशी ओली पावडर चिकटलेली. तिनं ती उचलली आणि दिवाणजींच्या समोर धरली.

"हात घाला यात."

"काय?"

"हात घाला म्हनते. नुसता हात. पंचवीस आकडं म्हना तंवर ठेवा. ही पोर शिमग्यापास्नं आठवड्यातून दोनदा ही पिशवी कमरंला बांधून त्या पान्यात फिरती. तुमी हात तरी घाला!"

"वेड लागलंय तुला. ती खाली ठेव."

"का? भाजंल व्हय?"

ती पुढे आली तसे दिवाणजी मागे सरले. एवढा धिप्पाड माणूस, जरीकाठी उपरण्याचा, ओल्या पिशवीला भिऊन मागे सरत व्हरांड्याच्या पायऱ्यांपर्यंत गेला. पाहुणे उठून उभे राहिले. बाईसाहेब आतून बाहेर आल्या.

"मुक्ता, आवाज खाली कर. आत ताई नुकती पडली आहे."

"ताईसाहेबांना बरं वाटू दे बाईसाहेब. माझं काय म्हननं न्हाई. पन हिकडं या आनि ह्या पोरीची कंबर बघा."

बाईसाहेबांनी आडाकडे पाहिलं. बाया पाटावर बसली होती, अंगावरून पाणी निथळत होतं, विरळ झालेले केस डोक्याला चिकटले होते. बाईसाहेबांनी नजर काढून घेतली.

"अगंबाई. मला माहीतच नव्हतं हे."

मुक्ताबाईला वाटलं होतं की बाईसाहेबांशी बोलताना तरी आपण स्वतःला आवरू. पण ते वाक्य ऐकलं आणि आवरायचं काही उरलं नाही.

"म्हाईत नव्हतं? दर सोमवारी सकाळी तुमी वरच्या खिडकीत चहा घेता. खिडकी हौदावर हाय. ही पोर तुमच्या डोळ्यांम्होरं पोहती. एकदा तुमीच पाहुनीला म्हनला, बघा किती सुरेख पोहते. कमरंची पिशवी दिसली न्हाई? पाटी कुनासाठी लावली व्हती? पावडर आंगाला लागू नये म्हनून माझ्याकडनं तासभर त्याल चोळून घेता, म्हंजी ती आंगाला काय करती ते तुमाला माझ्यापरीस ठाऊक. म्हाईत नव्हतं म्हनू नका. मी बी म्हननार न्हाई."

व्हरांड्यात एका पाहुण्यानं कप बशीवर ठेवला त्याचा आवाज झाला.

बाईसाहेबांनी पाहुण्यांकडे पाहिलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तिला हवं तेवढं तेल दे. डॉक्टरांचं औषधही पाठवते. पण पाहुण्यांसमोर असं बोलणारं माणूस मला घरात चालणार नाही. तू उद्या सकाळी जा."

"उद्या कशाला? आत्ताच जाते."

तिनं पिशवी तिथंच पायरीवर टाकली. खोलीतलं बोचकं बांधलं, बायाला म्हणाली "चल", आणि त्या दोघी फाटकाबाहेर पडल्या. दिवस अजून मावळला नव्हता. नथू माळ्यानं फाटक उघडून धरलं.

पुण्याच्या रस्त्याला लागून वलवण गाव मागे टाकलं तोवर बाया दोन पावलं मागून चालत होती. मुक्ताबाईला वाटलं, पोर दमली आहे, घाबरली आहे. तिनं म्हटलं, "माझ्या घरी चल. खुरासणीचं त्याल हाय, आठ दिस रोज लावू."

बाया रस्त्यातच थांबली.

"तुमाला कुनी सांगितलं व्हतं?"

"काय?"

"एवडं बोलायला. माझी कंबर चार लोकांत उघडी करायला. म्या त्याल मागितलं व्हतं, मावशी. थेंबभर त्याल. तवा दिलं असतं तर बास व्हतं. बाई त्याल द्यायला तयार व्हती, तुमीच मला वढून भायेर आनलं; आता त्याल बी न्हाई आनि काम बी न्हाई. शिदूच्या पायावर लाकूड पडलंय, त्यो घरात बसलाय, ठाव हाय तुमाला? तुमचं तोंड मोकळं झालं, तुमाला बरं वाटलं. मला काय झालं?"

बायाचं खोटं नव्हतं. बाया पुढे निघाली, भराभर, आणि ठाकरवाडीच्या पायवाटेला वळली. मुक्ताबाईनं तिला थांबवलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी ती बुधल्यात खुरासणीचं तेल आणि मडक्यात ताक घेऊन डोंगर चढून वाडीवर गेली. बायानं झोपडीचं दार लावून घेतलं. मुक्ताबाई दाराशी तेल ठेवून आली. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तेव्हा बाया दारात बसली होती. तिनं तोंड फिरवलं, पण डोकं पुढे केलं. त्या दिवसापासून रोज दुपारी मुक्ताबाई तिच्या डोक्याला ताक चोळायची, झऱ्याच्या पाण्यानं धुवायची, तेल लावायची. कमरेला वाडीतल्याच म्हातारीनं पाला वाटून लावला. केसांत गुंता इतका होता की शेवटी बायाच म्हणाली, "कापून टाका." मुक्ताबाईनं कातरीनं मानेपाशी कापले. वाडीतल्या बायका भोवती जमल्या होत्या. जिचा नवरा जिवंत आहे अशा बाईचे केस कापायचे म्हणजे अशुभ, पण कुणी तसं म्हटलं नाही. त्या बायाची कंबर बघत होत्या.

त्या बघण्याचा पुढे उपयोग झाला. दिवाणजींनी आठवडाभरात दुसरी पोहणारी पोर शोधायला माणूस वाडीवर पाठवला. एकही गेली नाही. त्यानं आणखी दोन वाड्या पालथ्या घातल्या, पण बायाची गोष्ट त्याच्या आधी पोचली होती. इकडे हौद दिवसागणिक हिरवा होत चालला. पाहुणे येऊन काठावरूनच परत फिरू लागले.

मे संपता संपता नथू माळी वाडीवर आला. बाईसाहेबांनी निरोप दिला होता की बायानं कामाला यावं, पाण्यात उतरायचं नाही.

बायानं त्याला दारातच उभं केलं. "मला आदी त्याल पायजे. हाताला, पायाला, डोक्याला. काम झालं की आडाचं पानी, ओढ्याचं न्हाई. दिवाणजीला कबूल असंल तर येते."

नथू जाऊन आला. कबूल होतं. मुक्ताबाईबद्दल निरोपात काही नव्हतं, आणि तिनंही विचारलं नाही. बाया कामावर गेली तेव्हा मुक्ताबाईला जरा डिवचल्यासारखं झालं, त्याच घरात परत गेली म्हणून. मग तिला शिदूचा पाय आठवला आणि तिनं स्वतःलाच शिवी दिली.

आषाढात बंगला बंद झाल्यावर बाया मळवलीला आली. मुक्ताबाई दिराच्या खाचरात लावणी करत होती. बाया न सांगता चिखलात उतरली आणि तिच्या शेजारी रोपं लावू लागली. केस बोटभर वाढले होते, काळे. डावा डोळा अजून पाणावत होता.

"काम कसं करीत व्हतीस मग?" मुक्ताबाईनं विचारलं. "पान्यात न उतरता?"

"सोपं व्हतं. पिशवीला दोन्हीकडनं दोर बांधायचा. ह्या काठाला मी, त्या काठाला नथूभाऊ. वढत जायाचं. आर्ध्या तासात पानी निवळ."

मुक्ताबाईचा हात चिखलात थांबला.

"एवडंच?"

"एवडंच."

"आनि दोर? नवा आनला?"

"न्हाई. झोपाळ्याचा जुना दोर माळ्याच्या खोलीत पडून व्हता. दोन वरसं झाली म्हनं त्याला."

मुक्ताबाई सरळ उभी राहिली. पाऊस तोंडावर येत होता. तिनं लोणावळ्याच्या डोंगराकडे पाहून एक अशी शिवी दिली की बांधावर बसलेल्या दिरानं मान वर केली.

"काय झालं वैनी?"

"काय न्हाई," ती म्हणाली. पण तिच्या हातातली रोपांची जुडी पिळून चुरगळली होती. बायानं ती तिच्या मुठीतून सोडवून घेतली, त्यातली धड राहिलेली रोपं निवडली आणि लावायला घेतली.